बावीस तास हजर

"तुम्ही कामावर आहात," केसकर मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसलो होतो तो सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची साठ पोती वाहून. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. साहाय्य केंद्राच्या खुर्चीलाही माझी हळद लागली होती आणि मॅडमनी ते बघून न बघितल्यासारखं केलं, एवढं मात्र त्यांचं कौतुक.

"हमाली करतोय," मी म्हणालो. "ते अर्जात लिवलंय की."

"हमालीचं नाही म्हणत मी. तुमचं मूळ काम. स्क्रेपर, श्रेणी एक, त्रिदल मशीन्स." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "काल बावीस तास हजर. परवा बावीस. रविवारी बावीस. नव्वद दिवसांत एकही खाडा नाही. कामावर असलेल्या माणसाला साहाय्य देता येत नाही, मगदूमकाका."

त्रिदल मशीन्सच्या फाटकाला कुलूप लागून अकरा महिने झाले होते. कुपवाड एमआयडीसीतली ती शेड मी रोज सायकलवरून जाताना बघत होतो. आतली मशिनं कंटेनरमध्ये भरून व्हिएतनामला गेली, साहेब लोक विमानाने गेले आणि आम्ही चारशे माणसं घरी गेलो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी हजेरी कधी भरली नव्हती. कारखाना गेल्यावर भरली. सरकारी कागदावर भूपाल मगदूम सांगलीत पोती वाहत नव्हता, समुद्रापलीकडे दिवसाला बावीस तास राबत होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी स्क्रेपिंग सांगावं लागेल. ज्यांना माहीत नाही त्यांना ते नखाने लोखंड खाजवण्यासारखं वाटतं.

लेथ मशीनचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, सपाट नसेल तर त्यावर कातलेली प्रत्येक वस्तू वाकडी निघणार. ग्राइंडिंग करून बेड सपाट होतो, पण पुरता नाही. घासताना लोखंड तापतं, तापलं की फुगतं, थंड झालं की कुठे बसतं तर कुठे उचललेलं राहतं. हा फरक दोन-तीन मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा. तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून एका अगदी सपाट प्लेटला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती बेडवर फिरवायची. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका उमटतो. मग स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवायची, पातं पुढे ढकलायचं आणि तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा प्लेट, पुन्हा खरवड. सुरुवातीला एका चौरस इंचात चार ठिपके येतात. वाढत वाढत पंचवीस आले की बेड पास. पहिले पंधरा कुणीही शिकलेला माणूस काढतो. पंधरापासून पंचवीसपर्यंतचं काम मात्र बोटांच्या टोकांना कळतं, माणसाला सांगता येत नाही.

मला हे काम सुतारमामांनी शिकवलं. त्यांची एक शिस्त होती. शेवटचा हात मारताना सगळ्या वर्कशॉपकडे पाठ करून उभं राहायचं. बाकी सगळं दाखवा, शेवटचा हात दाखवायचा नाही. "पोटावर पाय द्यायचा आसंल तर खुशाल दाखीव," असं म्हणायचे. मला त्यांनी तो हाताखाली घेतल्यापासून नवव्या वर्षी दाखवला. मी माझ्या हाताखालच्या मुबारक मुजावरला सहा वर्षं शिकवलं, पण शेवटचा हात आला की मीसुद्धा पाठ करत होतो.

मग बाह्या आल्या. मनगटापासून दंडापर्यंत चढवायची काळी, ताणली जाणारी बाही. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सांगितलं की तुमची मनगटं, खांदे दुखतात त्यावर अभ्यास आहे. स्नायू हलायच्या आधी त्यात बारीकशी वीज खेळते, ती बाही टिपते. स्क्रेपरच्या दांड्यातही दाब मोजणारी चकती बसवली आणि वरून ठिपक्यांवर कॅमेरा. ठिपके असे दिसले की या माणसाचा हात कसा वळतो, किती दाबतो, कुठे सोडून देतो, हे सगळं महिनोन्महिने साठत गेलं. त्याला हातठसा म्हणतात. रोबॉटच्या हाताला आधीपासूनच मायक्रॉनभर सरकता येत होतं. कुठे सरकायचं आणि किती, एवढंच त्याला कळत नव्हतं. ते आम्ही सहा महिने बाही घालून त्याला सांगत होतो.

आमची अक्कल बघा. आम्ही सोळा स्क्रेपर होतो आणि शेवटचा हात आला की सोळाच्या सोळा जण एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचो. याचं त्याने बघू नये, त्याचं याने बघू नये. आणि प्रत्येकाच्या उजव्या दंडावर बाही! साहेबाने भिंतीवर आकडे लावले होते, कुणाचा हात जास्त नेमका ते दाखवणारे. माझा पहिला नंबर होता. तो टिकावा म्हणून मी सुतारमामांच्या ठेवणीतलं सगळं काढून त्या बाहीत ओतलं. मुबारकला सहा वर्षांत जे दिलं नाही ते एका कापडाच्या तुकड्याला सहा महिन्यांत दिलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण नेम धरून मारणारे आम्हीच.

राहता राहिली हजेरी. तीसुद्धा आमचीच करणी. हातठसा कायदा व्हावा म्हणून युनियनने मोर्चा काढला होता, त्यात मी झेंडा घेऊन पुढे होतो. कुणाचं कसब यंत्रात भरलं तर ते यंत्र जगात कुठेही चालो, त्या माणसाच्या श्रमिक क्रमांकावर हजेरी पडली पाहिजे, म्हणजे कंपनीला चोरी लपवता येणार नाही, अशी आमची मागणी. कायदा झाला. मोबदल्याचं कलम नंतर पाहू म्हणाले, ते अजून पाहतायत. आणि सरकारने परदेशी गेलेल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी जी साहाय्य योजना काढली, दोन वर्षं घरखर्च, औषधपाण्याचं कार्ड, नवीन कामाचं शिक्षण, तिची पहिली अट काय? श्रमिक क्रमांकावर नव्वद दिवस हजेरी नसावी.

"मग मी काय करू?" मी केसकर मॅडमना विचारलं. "व्हिएतनामला जाऊन रजेचा अर्ज देऊ?"

त्या हसल्या नाहीत. वय असेल सव्वीस-सत्तावीस. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "हातपडताळणीचा नियम आहे. आयटीआयमध्ये तुम्हाला पुन्हा बाही घालून दोन तास काम करायला देतील. तुमचा आजचा हात ठशाशी सत्तर टक्क्यांच्या खाली जुळला तर ठसा तुमचा नाही असं धरतात. हजेरी तुमच्या नावावरून निघते, साहाय्य सुरू होतं."

"आन् सत्तरच्या वर आला तर?"

"तर हजेरी राहते, साहाय्य मिळत नाही. नव्वदच्या वर गेला तर मात्र ठसा तुमचाच असं सिद्ध होतं. कंपनीचं म्हणणं आहे की ठसा सोळा जणांचा मिळून आहे, कुणा एकाचा नाही. नव्वदचा दाखला असला तर तुम्हाला कामगार न्यायालयात दावा लावता येतो. पण पडताळणी एकदाच होते."

"नव्वदच्या वर किती जण गेले आजपतोर?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या आणि पेन हातात फिरवत राहिल्या. "इथे सगळे सत्तरच्या खालीच येतात, काका. यावं लागतं."

मला कळलं नाही असं नाही.

घरी आलो तर मुबारक येऊन बसला होता आणि त्रिशला, माझी बायको, त्याला चहा देत होती. त्याची पडताळणी आदल्या आठवड्यात झाली होती. आकडा आला एकेचाळीस.

"काय न्हाई ओ अण्णा," तो म्हणाला. "नवीन पोरगं कसं घासतंय, तसं घासायचं. पातं आडवं धरायचं. दोन तासांचं नाटक. वर कागदावर एक सही."

"कसल्या कागदावर?"

"ठशातील कौशल्य अर्जदाराकडे नाही, असं लिवलेलं असतंय."

माझं डोकं फिरलं. "आन् तू सही केलीस? सहा वर्षं माझ्या हाताखाली उभा राहिलास, आन् मला कायबी येत न्हाई म्हणून सही केलीस?"

"मला कुठं पुरतं येत होतं?" मुबारक शांतपणे म्हणाला. "शेवटचा हात तुमी मला दाखवला न्हाईसा. बाहीला दाखवलासा."

तो चहा संपवून गेला. जाताना नेहमीसारखा पाया पडून गेला, ते जास्त लागलं.

त्रिशलाने मग मानेचा विषय काढला. पोती वाहून माझ्या मानेतली नस दबली होती. मिरजेच्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं होतं, ओझं आजच्या आज बंद करा, नाहीतर एक दिवस हात उचलणार नाही. साहाय्य मिळालं की हमाली सुटणार होती, म्हणून महिनाभर ती त्या कार्यालयाच्या वाऱ्या करायला मला ढकलत होती.

"दोन तास वाईट काम करा," ती म्हणाली. "एवढंच म्हणते मी. लोकं जन्मभर वाईट काम करत्यात, त्यांचं काय बिघडतंय?"

"मी खोट्यावर सही करणार न्हाई."

"ते सरकारनं तुमच्या नावावर बावीस तास लिवलंय, ते खरं हाय व्हय? त्यांचं खोटं चालतंय, आपलं का चालत न्हाई?"

"कारण ते मीच हाय!" मी ओरडलो. "तिकडं जे घासतंय ना, ते माझं हाय. सुतारमामाचं हाय. मी सही केली की ते त्यांचं झालं कायमचं. चोर घर लुटून गेला आन् वर मलाच विचारतोय, भांडी तुझी न्हाईत असं लिवून दे, मग तुला जेवाय घालतो! त्यापेक्षा मी नव्वद आणतो. पंच्याण्णव आणतो. तो कागद घेऊन कोर्टात उभा राहतो आन् विचारतो, बावीस तासांचं काय ते बोला!"

"आन् कोर्टाचा निकाल लागस्तोवर?"

"पोती उचलीन."

"उचला," ती म्हणाली. "मान मोडली की मला पण एक कागद द्या लिवून, बाई तुझा काय दोष न्हाई म्हणून." आणि ती आत गेली. चिडून गेली असती तर बरं होतं. ती रडत गेली.

पडताळणीचा दिवस बुधवार होता. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर एक फुटाची ओतीव लोखंडाची प्लेट बांधून ठेवली होती, शेजारी निळ्या रंगाची ट्यूब, ठिपके उमटवायची सपाट मास्टर प्लेट, नवा स्क्रेपर. भिंतीला लागून बाकावर आठ-दहा माणसं आपल्या पाळीची वाट बघत होती. मुबारक सोबत म्हणून आला होता. त्रिशला बाहेर फाटकापाशी थांबली, आत यायला तयार नव्हती. केसकर मॅडमनी स्वतः माझ्या दंडावर बाही चढवली आणि वाकून हळूच म्हणाल्या, "घाई करू नका. आणि चांगलं करायच्या भानगडीत पडू नका."

मला त्या पोरीची कीव आली. तिला काय बघायला मिळणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा राग कमरेत साठवून मी उभा होतो. सत्तरच्या खाली यायला शिकलेल्या त्या सगळ्यांना, बाकावरच्यांना, कंपनीच्या वकिलाला, त्या कायद्याला, आज दाखवून देणार होतो की हा हात कुणाचा आहे.

रंग लावला, प्लेट फिरवली. चार ठिपके. ठीक. पहिला हात मारला, तिरक्या रेघांनी. स्क्रेपरचा आवाज कानाला ओळखीचा लागला आणि अंगावर काटा आला. अकरा महिन्यांनी! दुसऱ्या फेरीला सहा आले, तिसरीला आठ. मी बाकाकडे बघितलं. त्यातला एक म्हातारा टर्नर मान डोलवत होता.

चौथ्या फेरीला बारा यायला हवे होते, निदान दहा. नऊ आले.

होतं असं. रंग जाड बसला असेल. पुसून पुन्हा पातळ लावला. नऊ. पातं बोथट असेल म्हणून दगडावर घासून धार काढली. अंगठ्याने बघितली तर कळेना, धार आहे की नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पेंढा भरल्यासारखी बधिर होती. पोती उचलताना ती तशीच असतात, तेव्हा काही अडत नाही. पोत्याला कुठे मायक्रॉन लागतो. मी हात झटकला, चोळला, कमरेला मूठ टेकवली आणि ठिपक्यावर पातं नेलं. ते ठिपक्याच्या पलीकडे गेलं. मला ते हातातून कळलं नाही, डोळ्याने बघून कळलं.

नऊ. पुन्हा नऊ. मग आठ.

मी चिडलो. उजेडावर चिडलो, परक्या स्क्रेपरवर चिडलो, दाब वाढवला. दाब वाढवून स्क्रेपिंग होत नाही, हे मी मुबारकला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. घाम प्लेटवर पडला तो पुसला. वीस मिनिटं राहिली तेव्हा मी सगळ्यांकडे पाठ केली आणि सुतारमामांचा शेवटचा हात मारायला घेतला. कसा मारायचा ते मला पाठ होतं. कुठे सोडायचं, कुठे नुसतं टेकवायचं, सगळं डोक्यात लख्ख होतं. ते खाली बोटांपर्यंत पोचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्लेटवर ओरखडा उठला, बोटभर लांब, शिकाऊ पोराचा उठतो तसा.

शेवटचा रंग लावला. नऊ ठिपके आणि मधोमध ओरखडा. जाऊन मास्टर प्लेट बदलून मागितली. दुसऱ्या प्लेटनेही नऊच दाखवले. आता चिडायला वर्कशॉपमध्ये काही उरलं नव्हतं.

पडद्यावर आकडा आला. चोपन्न.

केसकर मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. बाही उतरवताना त्या म्हणाल्या, "छान केलंत, काका. मला वाटलं होतं तुम्ही हट्टाला पेटणार." मुबारक तर बाकावरून उठून आला, डोळे चमकत होते. कानाशी लागून म्हणाला, "अण्णा, मानलं तुमाला! त्यो ओरखडा तर कमाल हो. इतकं खरं नाटक मलाबी जमलं नव्हतं."

मी त्याच्याकडे बघितलं. याला आता शेवटचा हात दाखवायचं मी रात्री मनाशी ठरवलं होतं, कोर्टाचं काय व्हायचं ते होवो. सुतारमामांकडून माझ्याकडे आलेलं माझ्याबरोबर मसणात नको, असं वाटलं होतं. ते आता फक्त एका ठिकाणी शिल्लक होतं. तिथे ते रोज बावीस तास चालू होतं आणि तिथे मुबारकला कुणी आत घेणार नव्हतं.

मॅडमनी कागद पुढे सरकवला. ठशातील कौशल्य अर्जदाराकडे नाही. मी तो दोनदा वाचला. खाली सही केली. पेन धरलेलंही बोटांना नीट कळत नव्हतं, म्हणून सही जरा वेडीवाकडी आली.

बाहेर फाटकापाशी अजून वीस-पंचवीस माणसं रांगेत होती. मुबारकने लांबूनच त्रिशलाला हात वर करून सांगितलं, "झालं, वहिनी! चोपन्न!" तिने दोन्ही हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. मी जवळ गेलो तेव्हा ती हसत होती. महिनाभरात पहिल्यांदा हसत होती.

"बगा," ती म्हणाली. "शेवटी ऐकलंसा न्हवं माझं? किती सोपं झालं."

"मी तुझं ऐकलं न्हाई."

"म्हंजे?"

"जीव तोडून घासलं, त्रिशला. दोन तास जीव तोडून घासलं. नऊच आले."

मुबारकचं हसू गेलं. त्याला नऊचा अर्थ कळत होता. त्रिशलाला कळत नव्हता, पण माझ्या तोंडाकडे बघून तिने माझा उजवा हात धरला. तिने बोटं दाबली असावीत. मला ते समजलं नाही.

"मग सही कशाला केलीसा?" तिने विचारलं. "खोट्यावर सही करणार न्हाई म्हणत होतासा की."

"खोटं?" मी एवढ्या जोरात ओरडलो की सगळी रांग वळून बघायला लागली. "खोटं काय लिवलं होतं त्यात?"